हौद गळतो, पण कोठून?



गडहिंग्लजला आमच्या घरामागे विटा-सिमेंटचा, जमिनीवर बांधलेला एक हौद आहे. लांबी अडीच मीटर, रुंदी दोन मीटर, उंची दीड मीटर. वर छप्पर नाही. पालापाचोळा पडू नये म्हणून नुसती जाळी आहे. नळाला पाणी सुटले की हौद भरून घ्यायचा आणि पुढचे पाणी सुटेपर्यंत तो पुरवायचा, असा आमचा क्रम.

एका उन्हाळ्यात हे पाणी पुरेनासे झाले. घरातली मंडळी म्हणाली, "ऊन केवढं पडतंय! आटतंय पाणी." त्याच सुमारास शेजाऱ्यांच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर ओल दिसू लागली. ते म्हणाले, "सर, तुमच्या हौदानं आमची भिंत खाल्ली." गवंड्याला बोलावले, तर त्याने भिंतींवर चार ठिकाणी टकटक करून सांगितले, "आतला सगळा गिलावा उकलून नव्यानं करायला पाहिजे."

तीन मते झाली; पण मोजले कोणीच नव्हते! मी शेजाऱ्यांकडून व गवंड्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत एक बादली, एक मोजपट्टी, एक तापमापक आणि आलेखाचा कागद एवढ्या साहित्यावर जे समजले, ते येथे सांगतो. तुमच्या घरी, शाळेत किंवा शेतावर हौद असेल, तर तुम्हालाही ते करता येईल.

१. एक मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा जागेवर एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर पसरला, तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. (१०० सें.मी. × १०० सें.मी. × ०·१ सें.मी. = १००० घन सें.मी.) पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात तो याच सोयीसाठी. आमच्या हौदाच्या तळाचे क्षेत्रफळ ५ चौरस मीटर. म्हणजे पातळी एक मिलिमीटर उतरली, की पाच लिटर पाणी गेले. हा हिशेब लक्षात ठेवा. पुढे तो सारखा लागणार आहे.

२. आटले की गळले?

उघड्या पाण्याचे बाष्पीभवन होतेच. हवामान केंद्रांवर ते मोजण्यासाठी सुमारे १२२ सें.मी. व्यासाचे व २५ सें.मी. खोलीचे गोल पात्र ठेवलेले असते. त्यातील पाणी रोज किती उतरले हे पाहून बाष्पीभवनाचा आकडा ठरवतात. आपण हेच पात्र बादलीच्या रूपात हौदातच ठेवायचे.

बादलीत हौदाचेच पाणी घ्यावे व तळाशी दोन दगड टाकावेत, म्हणजे ती तरंगून कलंडणार नाही. हौदावर आडवा बांबू टाकून त्याला ती अशी टांगावी, की तिचा काठ पाण्याच्या थोडा वर राहील व आतली-बाहेरची पातळी सारखी असेल. बादली अंगणात न ठेवता हौदात का ठेवायची? कारण बाष्पीभवन पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. अंगणातली बादली उन्हाने लवकर तापेल आणि तिच्यातले पाणी जास्त आटेल. हौदात टांगलेल्या बादलीला तेच पाणी, तेच ऊन आणि तोच वारा मिळतो. फरक एवढाच, की बादली गळत नाही.

आता दोन्हीकडच्या पातळ्यांची खूण करावी आणि ठराविक वेळाने पुन्हा पाहावे. बादलीतले पाणी जेवढे उतरेल ते आटले. हौदातले त्याहून जास्त जेवढे उतरेल ते गळले. ज्यांच्या घरी पोहण्याचा तलाव असतो, तेही गळतीची पहिली परीक्षा याच बादलीने करतात.

आमच्या बादलीतले पाणी चोवीस तासांत ६ मि.मी. उतरले, म्हणजे हौदातून दिवसाला ३० लिटर पाणी आटत होते. घरच्या मंडळींचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण तेवढ्याने पाणी पुरेनासे होणे शक्य नव्हते.

३. मोजताना फसू नका

पाण्याची पातळी मिलिमीटरपर्यंत वाचणे दिसते तितके सोपे नाही. पाणी पट्टीला चिकटून वर चढते, त्यामुळे डोळा चुकतो. त्यावर एक उपाय असा. तारेचे टोक कानशीने अणकुचीदार करून ती आकड्यासारखी वाकवा, म्हणजे टोक वर येईल. हा आकडा मोजपट्टीला बांधून पाण्यात बुडवा व हळूहळू वर उचला. टोक पृष्ठभागाला खालून टेकताच तेथे बारीकशी उंचवटी दिसते. त्या क्षणी पट्टी वाचा.

दुसरा उपाय तिरप्या पट्टीचा. ३० सें.मी.ची पट्टी अशी तिरपी बसवा, की तिचे एक टोक दुसऱ्यापेक्षा ६ सें.मी. उंच राहील. आता पाणी उभे १ मि.मी. उतरले, की त्याची रेघ पट्टीवरून ५ मि.मी. सरकेल.

तिसरी गोष्ट तापमानाची. येथे बादलीसुद्धा आपल्याला फसवते! ३० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी एक अंशाने थंड झाले, तर त्याचे घनफळ सुमारे दहा हजारांत तीन भाग कमी होते. १४० सें.मी. खोल पाण्याची पातळी त्यामुळे ०·४ मि.मी. उतरते. पाच अंशांनी थंड झाल्यास दोन मि.मी. उतरते, आणि ना एक थेंब आटलेला असतो, ना गळलेला! २५ सें.मी. खोल बादलीत मात्र हा फरक जेमतेम ०·४ मि.मी. दिसतो. म्हणून दोन्ही वेळा पाण्याचे तापमान नोंदवावे, नाहीतर दोन्ही मापे दिवसाच्या एकाच वेळी घ्यावीत.

आणखी एक खबरदारी. बाहेर जाणाऱ्या सर्व नळांच्या चाव्या बंद असाव्यात आणि आत येणारे पाणीही बंद असावे. तरंगत्या गोळ्याचा कॉक असेल तर तो विशेष फसवा असतो. गळेल तेवढे पाणी तो गुपचूप भरून काढतो आणि गळती महिनोन्‌महिने कळतच नाही.

४. चार रात्रींची गोष्ट

दिवसा हौदाचे पाणी वापरावेच लागे. म्हणून आम्ही रात्री दहा ते सकाळी सहा असे आठ तास निवडले. पाणी वापरले जाईल तशी पातळी रोज खाली येई, आणि आम्हाला नेमके तेच हवे होते. पाण्याचे तापमान रात्रीत एका अंशापेक्षा कमी बदलले. बादलीतले पाणी दर रात्री १ मि.मी. उतरले. ते वजा करून केवळ गळतीचे आकडे खाली दिले आहेत. सोयीसाठी ते पूर्णांकात घेतले आहेत. पाण्याची उंची तळापासून मोजलेली असून ती रात्रीच्या सुरुवातीच्या व शेवटच्या पातळीची सरासरी आहे.

पहिली रात्र: उंची १४१ सें.मी., गळती २७ मि.मी.
दुसरी रात्र: उंची १०९ सें.मी., गळती २१ मि.मी.
तिसरी रात्र: उंची ८५ सें.मी., गळती १५ मि.मी.
चौथी रात्र: उंची ६४ सें.मी., गळती ६ मि.मी.

पहिल्या रात्री २७ मि.मी. गेले, म्हणजे आठ तासांत १३५ लिटर पाणी गेले. आपल्याकडे शहरांच्या पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी दररोज १३५ लिटर हेच प्रमाण धरतात. भरलेल्या हौदाची ही गळती त्या हिशेबाने दिवसाला ४०५ लिटर होते. म्हणजे तीन माणसांचे पाणी रोज जमिनीत चालले होते!

पातळी खाली येईल तशी गळती कमी होते, हे आकड्यांवरून उघड आहे. पण ती नेमकी कोणत्या उंचीवर थांबेल? त्यासाठी आणखी खाली जाण्याची वाट न पाहता आपण एका जुन्या नियमाची मदत घेऊ या.

५. टॉरिसेलीचा नियम

इटलीचा शास्त्रज्ञ टॉरिसेली याने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले, की भोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग हा तेवढ्याच उंचीवरून सुटलेल्या दगडाच्या वेगाइतका असतो. म्हणजेच

(वेग)² = २ × गुरुत्व त्वरण × भोकावरील पाण्याची उंची

पाणी एका सेकंदाला किती गळते हे वेगावर अवलंबून आहे. म्हणून गळतीचा वर्ग हा भोकावरील पाण्याच्या उंचीच्या प्रमाणात असला पाहिजे. चला, वर्ग करून पाहू: २७² = ७२९, २१² = ४४१, १५² = २२५, ६² = ३६.

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर पाण्याची उंची आणि उभ्या अक्षावर हे वर्ग मांडा. चारही बिंदू एका सरळ रेषेत येतात. उंची १४१ वरून १०९ वर आली, म्हणजे ३२ सें.मी. कमी झाली, तेव्हा वर्ग २८८ ने घटला. म्हणजे दर सेंटिमीटरला ९. पुढची २४ सें.मी. पाहा: २१६ ने घट, पुन्हा दर सेंटिमीटरला ९. शेवटच्या बिंदूपाशी वर्ग ३६ उरला आहे. तो शून्य व्हायला आणखी ४ सें.मी. खाली जावे लागेल. ६४ वजा ४, म्हणजे ६०.

गळती तळापासून ६० सें.मी. उंचीवर होती! पाचव्या रात्री पातळी ५५ सें.मी. वर असताना हौद व बादली दोन्ही सारखेच, १ मि.मी. उतरले. आलेखाचे उत्तर बरोबर ठरले.

भोक केवढे असेल तेही काढता येते. पहिल्या रात्री भोकावर ८१ सें.मी. पाणी होते. वेग = √(२ × ९·८ × ०·८१), म्हणजे सेकंदाला सुमारे ४ मीटर. आठ तासांत, म्हणजे २८,८०० सेकंदांत, १३५ लिटर गेले. म्हणजे सेकंदाला ४·७ घन सें.मी. भोकातून बाहेर पडणारी धार थोडी आकसते, म्हणून भोकाच्या आकाराच्या सुमारे सहा दशांश एवढाच भाग हिशेबात धरतात. गणित करून पाहा: भोक सुमारे २ चौरस मि.मी. एवढे येते. काडीपेटीतल्या काडीच्या टोकाएवढेही नव्हे, आणि त्यातून तीन माणसांचे पाणी जात होते.

६. भोक की पाझर?

प्रत्येक गळती टॉरिसेलीचा नियम पाळते असे मात्र नाही. पाणी जर गिलाव्याच्या असंख्य बारीक छिद्रांतून झिरपत असेल, तर घर्षण फार होते. तेथे हेन्‍री डार्सी या फ्रेंच इंजिनिअरचा नियम लागू पडतो. त्याने १८५६ साली वाळूतून पाणी झिरपू देऊन केलेल्या प्रयोगांवरून असे सांगितले, की झिरपणारे पाणी दाबाच्या सरळ प्रमाणात असते. म्हणजे अशा वेळी वर्ग न करता गळती आणि उंची यांचाच आलेख सरळ रेषा होईल.

आपल्या भागात हा नियम रोज कामाला लागलेला दिसतो. हिरण्यकेशीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे तुम्ही पाहिले असतील. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरग्यांच्या दोन ओळी घालतात व मधल्या जागेत माती ठासतात. बरग्यांच्या फटींतून पाणी धारेने निघाले असते. चिकणमातीच्या बारीक छिद्रांत तेच पाणी घर्षणाने अडून नुसते पाझरते.

म्हणून दोन्ही आलेख काढावेत व कोणता सरळ येतो ते पाहावे. वर्गांचा सरळ आला तर भोक किंवा फट शोधायची. गळतीचाच सरळ आला तर पाझर आहे, आणि मग कदाचित गवंडी म्हणतो त्याप्रमाणे मोठा गिलावा करावा लागेल. आमच्या हौदाला त्याची गरज नव्हती.

७. नेमकी जागा

हौदाच्या चार भिंतींचे आतले क्षेत्रफळ साडेतेरा चौरस मीटर. आता त्यातली फक्त ६० सें.मी. उंचीवरची नऊ मीटर लांबीची रेघ तपासायची उरली. त्या रेघेवर काय होते? घागर खाली मावावी म्हणून काही वर्षांपूर्वी भिंतीतून काढलेला चावीचा प्लास्टिक पाइप!

संशय आला तरी खात्री करावी. पाइपच्या थोडे वर पाणी राहील एवढी पातळी ठेवली व पाणी शांत होऊ दिले. हौदाच्याच पाण्यात खाण्याचा रंग कालवला. पाणी तेच घेतल्याने रंग जड होऊन खाली बसत नाही. हौदाबाहेर शिडीवर उभे राहून, लांब नळीने तो पाइपच्या कडेशी हळूच सोडला. रंगाची रेघ पाइपच्या खालच्या अंगाला वळली आणि भिंतीत ओढली गेली.

मग शेजाऱ्यांकडची ओल दीड मीटर दूर कशी? भिंतीत शिरलेले पाणी विटांच्या सांध्यांतून वाट मिळेल तसे खाली व बाजूला जाते, आणि केशाकर्षणाने पुन्हा वरही चढते. बाहेर ओल दिसते ती पाण्याच्या प्रवासाचा शेवट असते. तेथे खोदून गळतीचे मूळ सहसा सापडत नाही.

८. दुरुस्ती

प्लास्टिकचा पाइप तापला की सिमेंटच्या मानाने कितीतरी पट, सुमारे पाच ते सात पट, प्रसरण पावतो. त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग सिमेंट धरून ठेवत नाही. उन्हा-थंडीच्या खेळात पाइपभोवती केसाएवढी फट पडते. म्हणूनच जाणकार कारागीर पाइप बसवण्याआधी त्याला चिकटद्रव्य लावून वर वाळू चिकटवतात.

आम्ही हौद रिकामा केला. गवंड्याने पाइपभोवतीचा गिलावा दोन-तीन सें.मी. खोल उकलला आणि जुना पाइप काढून वाळू चिकटवलेला नवा बसवला. जागा धुऊन, ओली करून, एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू यांच्या घट्टसर कालव्यात पाणीरोधक द्रव्य मिसळून ती ठासून भरली. कालवा पातळ करण्याचा मोह टाळावा. जादा पाणी सुकताना सिमेंट आकसते व नवी भेग पडते. त्यानंतर सात दिवस जागा ओली ठेवली.

भर हौदाच्या आतूनच का घालायची? ८० सें.मी. खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ८० ग्रॅम वजनाएवढा असतो. दहा सें.मी. लांब-रुंद ठिगळावर तो ८ किलो होतो. ठिगळ आतून असेल तर हे आठ किलो त्याला भिंतीवर दाबून धरतात. बाहेरून लावले तर तेच आठ किलो त्याला रात्रंदिवस ढकलून पाडू पाहतात.

येथे एक कळकळीची सूचना. बंद टाकीत, भूमिगत हौदात किंवा विहिरीत कोणीही एकट्याने उतरू नये. मुलांनी तर उतरूच नये. तेथे प्राणवायू कमी असू शकतो, आणि रंगाच्या व चिकटद्रव्यांच्या वाफा साचतात. मोजण्याची सारी कामे बाहेरून करता येतात.

हौद पुन्हा भरला आणि बादलीही पुन्हा टांगली. सकाळी हौद १ मि.मी. व बादलीही १ मि.मी. उतरली होती. दुरुस्ती झाली हे बादलीने सांगितले, तेव्हाच आम्ही ते मानले. शेजाऱ्यांची भिंत वाळायला मात्र महिन्याच्या वर लागला. सगळा गिलावा उकलायला निघालेला गवंडी आलेखाचा कागद खालीवर करून पाहत म्हणाला, "सर, हा कागद मला द्या. पुढच्या हौदाला उपयोगी पडंल."

९. हौदापासून धरणापर्यंत

घरच्या हौदाची गळती फार तर पाणी आणि पैसे घालवते. मातीच्या धरणाचे तसे नसते. मातीच्या प्रत्येक धरणातून थोडे पाणी पाझरतेच. ते चरात गोळा करून इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराच्या खाचेवरून सोडतात आणि खाचेतल्या पाण्याची उंची नोंदवतात. तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढू लागला, किंवा स्वच्छ येणारे पाणी गढूळ झाले, तर तो धोक्याचा इशारा असतो. गढूळ पाणी म्हणजे धरणाची माती आतून वाहून चालली आहे.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि खालच्या वाडीतील माणसे झोपेत वाहून गेली. त्या धरणाच्या गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आपल्या शेजारच्या भुदरगड तालुक्यात मेघोलीचा तलाव फुटला. त्यात एका महिलेचा बळी गेला. तुमच्या गावाजवळ तलाव असेल, तर त्याच्या पायथ्याशी येणारे पाणी किती आहे व कसे आहे, हे वेळोवेळी पाहून तारखेसह वहीत लिहून ठेवा. 'गळतंय' या एका शब्दापेक्षा वर्षभराच्या नोंदींचे पान दाखवलेत, तर ते बाजूला सारणे कोणालाही अवघड जाईल.

करून पाहा

एक लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला तळापासून ५ सें.मी. वर, मोठ्यांच्या मदतीने, तापलेल्या सुईने भोक पाडा. बाहेरून सेंटिमीटरची कागदी पट्टी चिकटवा. बाटली भरा, बूच काढून ठेवा आणि पातळी एकेक सेंटिमीटर उतरायला किती सेकंद लागतात ते लिहा. त्यावरून दर मिनिटाची घट काढा, तिचा वर्ग करा व आलेख मांडा. रेषा ५ सें.मी.च्या जवळ शून्यावर येते का? धार भोकाच्या थोडी वरच का थांबते? (पृष्ठताणाचा विचार करा.)

आता एक उदाहरण. एका हौदात पाण्याची उंची १३०, १०० व ७० सें.मी. असताना आठ तासांतली गळती अनुक्रमे १८, १२ व ६ मि.मी. भरली. हे भोक आहे की पाझर? आणि गळती किती उंचीवर थांबेल? दोन्ही आलेख काढल्याशिवाय खालची ओळ वाचू नका.

उत्तर: पाझर, ४० सें.मी.